तांब्याचा गंज

अमरावतीत पोचलो त्या संध्याकाळी मी एक लोखंडी तवा विटेच्या भुकटीने इतका घासला, की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. तोंड काही बघण्यासारखं नव्हतं. मालवणच्या खाडीकाठावरून अकोल्याला आणि अकोल्याहून अमरावतीला आलेला, सातवीत शाळा सुटलेला, मिशी धड न फुटलेला माणूस. घरमालकीण यमुनामावशींनी मला राहायला मागची खोली दिली होती. त्या उपकाराने मी इतका वाकलो होतो, की "काही काम सांगा" असं सारखं म्हणत त्यांच्या मागे-मागे फिरत होतो. शेवटी कंटाळून त्या म्हणाल्या, "पोट्ट्या, तेवढा गंज काढून ठेव. मी आलीच देवळातून."

गंज काढायचा म्हटल्यावर मी लोखंड शोधलं. तवा होता. बसलो.

मावशी परत आल्या आणि दारातच थांबल्या. "काहून रे, तवा काहून घासून राहिला?"

"तुम्हीच म्हणालात ना, गंज काढ."

त्यांनी आधी तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वरच्या फळीवरच्या पितळी पातेल्याकडे बोट केलं. "अरे बाप्पा! तो गंज! त्याच्यात डाळ लावाची होती मले!"

तेव्हा समजलं, की वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात. आमच्याकडे त्याला टोप म्हणतात, आणि गंज म्हणजे खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला जडतो तो रोग. दुसऱ्या दिवशी गल्लीत माझं नाव 'तवेवाला' पडलं होतं. ही फजिती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ह्याच एका शब्दापायी माझी नोकरी जायची वेळ आली.

नोकरी उत्खननातली. महाराष्ट्र नवा-नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्याआधी मी अकोल्याला रुईच्या प्रेसमध्ये होतो. वडील गेल्यावर गावचा एक मुकादम मला तिकडे घेऊन गेला. जिनात सरकी वेगळी झाली की रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. त्या गाठींवर नंबर घालायचं काम माझं. जीव मुठीत धरून करायचो. नंबर चुकला तर काढून टाकतील, आणि घरी आई आणि दोन बहिणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

एक दिवस खाकी अर्धी चड्डी आणि हॅट घातलेले गृहस्थ जुनं बारदान मागायला आले. खापरं भरायला पोती हवीत म्हणाले. आमच्या प्रेसमध्ये खापरांसाठी पोती न्यायला आलेला माणूस कोणी पाहिला नव्हता, सगळे हसले. ते मात्र माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"या नंबरावरून काय कळतं? कुठल्या गावचा कापूस, कोणाचा?"

"काहीच नाही साहेब. नंबर मुका आहे. बोलतं ते आतलं बुक."

"मग नंबरातच गावाचं अक्षर का घालत नाही? सोपं पडेल."

"गाठ विकली जाते, मालक बदलतो. कधी प्रतही बदलून लावतात. गाठ तीच राहते ना. नंबर बोलका केला तर दरवेळी पुसावा लागेल."

मला वाटतं, उत्तर त्यांना ठाऊकच होतं. फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं. हे खानापूरकर साहेब. किती शिकलास विचारलं, मी खाली बघून सातवी सांगितलं. "अक्षर चांगलं आहे. येतोस?" कुठे, कशाला, हे मी विचारलंही नाही. त्या वयात मला कोणी 'ये' म्हटलं की आधी त्याचे आभार मानायची सवय होती.

भातकुलीच्या बाजूला एका नदीकाठी पांढरीची टेकडी होती. वऱ्हाडात शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली, चुली पेटवल्या, भिंती पडल्या, पुन्हा बांधल्या, की ती माती पांढुरकी होते आणि उंच होत जाते. गावच्या बाया ती माती भिंती सारवायला नेत. आमचे साहेब तिच्यात थर बघत. जुन्या गोधडीची शिवण उसवली की आत आईच्या लुगड्याखाली आजीचं लुगडं निघतं, तसे. फरक एवढाच, की गोधडी पुन्हा शिवता येते. एकदा उपसलेला थर पुन्हा घालता येत नाही. खापर हातात राहतं, पण ते कुठे होतं, कशाखाली, कोणाच्या शेजारी, हे कागदावर असेल तेवढंच राहतं. तो कागद माझ्याकडे.

पहिल्या हंगामात रीत जुनीच होती. प्रत्येक खड्ड्याला एक रोजवही, आणि प्रत्येक खापरावर बारीक टाकाने खड्डा, थर आणि अनुक्रम. म्हणजे बोलका नंबर. आणि एका पेवाने आम्हाला रडवलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. नंतरच्या काळातल्या कोणी घरधन्याने पेव खणलं, त्यात त्याची मडकी फुटून पडली, आणि ती जाऊन बसली थेट त्याच्या खापरपणज्याच्या थरात. आम्ही त्यांना जुनं समजून चौथा थर लिहून मोकळे. साहेबांच्या ध्यानात आलं तोवर पोतीच्या पोती चुकीच्या नंबरांची भरली होती. बाया ब्लेडच्या पात्यांनी शाई खरवडत बसल्या.

"पहिले लिवा, मंग पुसा," पंचफुलाबाई म्हणाली. "खड्डा हाय का शाळा हाय जी?"

पंचफुलाबाई खड्ड्यावरच्या बायांची म्होरकी. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर. मुलाला शाळेत घातलं होतं आणि दुपारच्या सुट्टीत भाकर सोडायच्या आधी ती माझ्याकडून त्याचं पाठ्यपुस्तक थोडं थोडं वाचून घेई, घरी जाऊन त्याची परीक्षा घेता यावी म्हणून. मला ती कोकणीबाबू म्हणे. "बाबूजी, तुमच्याकडे मिरची नाई का पिकत? ठेचा पाहून घाम फुटून राहिला तुमाले."

पावसाळ्यात खणणं बंद असे. अमरावतीत भाड्याने घेतलेल्या एका जुन्या गोदामात साहेब आणि मी नवी रीत बसवायला बसलो. कपाटं मिळाली नाहीत, म्हणून बाजारातून संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या आणून सुताराकडून त्यात कप्पे पाडून घेतले. इतिहासाला संत्र्याच्या सालीचा वास असतो, असं मला कितीतरी वर्षं वाटे.

एका पेटीत वस्तूंची कार्डं, दुसरीत थरांची, तिसरीत पेवं, चुली, भिंती यांची. वस्तूला गाठीसारखा मुका नंबर. वस्तूच्या कार्डावर काय आहे, कशाचं आहे, माप किती, आणि थराचा नुसता क्रमांक. थराची माती राखाडी की पिवळी, थर कुठल्या काळातला, हे वस्तूच्या कार्डावर लिहायला सक्त मनाई. मी एकदा हौसेने लिहिलं तर साहेबांनी कार्ड परत केलं. "हे थराच्या कार्डावर आहे ना? मग इथे नको. एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दोन जागी लिहिलीस की एक दिवस त्या दोन जागा आपसांत भांडतील, आणि खरं कोण ते सांगायला आपण नसू."

त्यामुळे साहेबांचं मत बदललं, आणि ते नेहमी बदले, तर थराचं एक कार्ड दुरुस्त केलं की त्यातल्या सगळ्या वस्तू आपोआप सुधारत. कोणी विचारलं, पेवांमधून निघालेले मणी किती? पूर्वी सगळ्या वह्या पहिल्यापासून वाचाव्या लागत. आता तिसऱ्या पेटीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, चहा थंड व्हायच्या आत उत्तर. अलीकडे माझ्या भाच्याची मुलगी, जी संगणकात आहे, हे ऐकून म्हणाली, "आजोबा, हा तर रिलेशनल डेटाबेस!" असेल. आम्ही त्याला संत्र्याच्या पेट्या म्हणत होतो.

एका गोष्टीपुरती आमची रीत अपुरी होती. वस्तूंची विषयवार सूची अमरावतीत होत नसे. आमच्या कार्डांच्या नकला पुण्याच्या कचेरीत जात आणि तिथले कारकून सूची लावत.

दुसऱ्या हंगामात एका दुपारी खड्ड्यातून पंचफुलाबाईची हाक आली, "बाबूजी, गंज निघाला ना जी!" मी धावलो. हिरव्या पुटाखाली तांब्याचं पातेलं होतं. पोटाला पोचा पडलेला, काठ साबूत, बुडाशी राख घट्ट बसलेली. साहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हॅट काढली. सगळ्या बाया घमेली टाकून भोवती जमल्या. पंचफुलाबाई हातातला ब्रश तसाच धरून म्हणाली, "कोन बाई असंन ते. चुलीवर गंज ठेवून कुठी गेली असंन?"



मी कार्ड केलं. वस्तू: गंज. पदार्थ: तांबे. आणि खाली टिपणात झोकात लिहिलं, 'तांब्याचा गंज, काठ पूर्ण.' हात जरा छाती फुगवूनच लिहीत होता. तवेवाला आता वऱ्हाडी लिहीत होता. साहेबांनी सही केली. इतकी वर्षं अमरावतीत काढल्यावर त्यांच्याही घरी भाजी गंजातच शिजत होती.

पुढल्या पावसाळ्यात पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांना दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. कार्डांची रीत चालू ठेवायची की पुन्हा वह्यांवर जायचं. आणि मॅट्रिक नसलेल्या माणसाला कायम करायचं की घरी पाठवायचं. सकाळी खानापूरकर साहेब मला म्हणाले, "घाबरू नकोस." ते कधी असं म्हणत नसत, त्यामुळे मी फारच घाबरलो. मी माझी ट्रंक भरून ठेवली होती. मावशींनी ती पाहिली आणि पुन्हा रिकामी केली.

गोदामात मोठ्या साहेबांसमोर चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही. पुण्याची सूची त्यांनी बरोबर आणली होती. "एकच प्रश्न विचारतो. या टेकडीवर धातूची भांडी किती निघाली? सूची बघून सांग."

मी 'भांडी, धातूची' हा भाग उघडला. कोरा होता. "एकही... नाही, साहेब."

"अहवालाच्या मसुद्यातही तेच आलंय. धातूचे भांडे मिळाले नाही."

"असं कसं?" खानापूरकर साहेब म्हणाले. "एक आहे. मी माझ्या हातांनी उचललंय."

"तुम्ही उचललंय, तुमची कार्डं नाही म्हणतात. वही असती तर वाचता-वाचता सापडलं तरी असतं. मग या पेट्यांचा उपयोग काय?"

पेट्या गेल्या की मीही गेलो. काय करावं सुचेना, म्हणून प्रेसमध्ये करायचो तेच केलं. बुक चुकलं असं वाटलं की गाठीकडे जायचं. मागच्या खोलीतून पोतं उघडून ते भांडं आणलं. बुडाशी मुका नंबर होता, पुसलेला नव्हता. त्या नंबराचं कार्ड काढून समोर ठेवलं.

मोठ्या साहेबांनी वाचलं. "तांब्याचा गंज. बरोबर आहे. तांब्यावर चढलेल्या गंजाचा नमुना. म्हणूनच सूचीत रसायनवाल्यांकडे पाठवायच्या यादीत घातलाय."

"नाही साहेब, गंजाचा नमुना नाही. गंजच आहे."

"मीही तेच म्हणतोय."

"म्हणजे चढलाय, पण तो हा गंज नव्हे. हा गंज आहे, आणि याच्यावर तो गंज आहे."

खानापूरकर साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रागाने.

अंगणात पंचफुलाबाई खापरं धूत होती. आवाज ऐकून हात पुसत दाराशी आली. मोठ्या साहेबांनी तिलाच विचारलं, "बाई, गंज म्हणजे काय?"

"गंज म्हंजे गंज."

"हो, पण म्हणजे काय?"

"तुमच्या घरी डाळ कायच्यात शिजते जी?"

"पातेल्यात."

"अन् पातेलं म्हंजे काय?"

"पातेलं म्हणजे... पातेलं."

"हं. मंग?" असं म्हणून ती पुन्हा खापरांकडे गेली.

त्यांनी मला विचारलं, "तू कुठला? तुमच्याकडे काय म्हणतात?"

"टोप, साहेब."

"डोक्यावरचा?"

"नाही साहेब. चुलीवरचा."

आता मोठे साहेब हसले. थंड झालेला चहा त्यांनी उचलला. मला वाटलं सुटलो. पण कप खाली ठेवताना ते गंभीर झाले. "एक गंज आज सापडला. तो मोठा होता, लक्षात राहण्यासारखा होता, म्हणून. असे आणखी किती हरवले असतील? ही बाई गंज म्हणणार, पुण्याचा मुलगा पातेलं लिहिणार, हा टोप म्हणणार. तुमचे नंबर मुके आहेत, मान्य. शब्द मुके नाहीत, खानापूरकर."

साहेब खिडकीपासून वळले. "चूक रीतीची नाही, आम्ही ती अर्धवट पाळली त्याची आहे. एक गोष्ट एकाच जागी, असं रोज म्हणतो आणि शब्दांना मोकळं सोडलं. शब्दांचीही एक पेटी करू. कोण काय म्हणतं ते सगळं तिच्यात. त्यातला कार्डावर कुठला जायचा, ते एकदाच ठरवायचं."

"कोण करणार?"

"हा."

"याला मॅट्रिक नाही."

"नसू द्या. इथला माणूस गंज म्हणजे काय हे विचारणार नाही, त्याला ते माहीत आहे. आपण पुण्याचे विचारणार नाही, आपल्याला वाटतं आपल्याला माहीत आहे. याने पहिल्या दिवशी तवा घासलाय."

"कुठला तवा?"

साहेबांना ती गोष्ट मावशींनी कधी सांगितली होती कोण जाणे. मला सगळी सांगावी लागली, विटेच्या भुकटीसकट. तीच माझी मुलाखत. कायमचा हुकूम यायला वेळ लागला, पण ट्रंक मी पुन्हा भरली नाही.

शब्दांची पेटी हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात आवडीचं काम. दुपारच्या सुट्टीत बायांमध्ये बसायचं, एक खापर हातात घ्यायचं आणि विचारायचं, याला काय म्हणता? नदीपलीकडची सून वेगळं सांगे, इकडची सासू वेगळं. कुंभाराला विचारलं तर तो दोघींना वेड्यात काढी. पंचफुलाबाईला मोठी गंमत वाटे. "आमी बोलतो थे सरकार लिवून राहिलं का आता? मंग जरा बरं बोला वं बायांनो!" पाण्याचा माठ, दह्याचं गाडगं, पाहुण्यांपुढे पाणी भरून ठेवायचा गडवा, प्रत्येकाला एक कार्ड आणि त्या कार्डावर पाच गावांची पाच नावं. मी माझी मालवणीही हळूच खाली घालत असे. त्या भागात आमची माणसं कधी खणली जाणार नव्हती, तरीही.

पुढे छापील संज्ञांची यादी आली आणि पेटीची गरज संपली. बदलीच्या धावपळीत ती पेटी कुठे गेली मला माहीत नाही. छापील यादीप्रमाणे आमचं भांडं आता 'तांब्याचे पातेले' आहे. अहवालात तसंच आलं. बरोबरच आहे ते. मला मात्र एक गोष्ट राहून-राहून लागते. इतका विचार करून आखलेल्या त्या कार्डांवर थराला जागा होती, मापाला होती, सहीला होती. कोणाला सापडलं, याला जागा नव्हती. आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. खानापूरकर साहेब आज असते तर त्यांनी लगेच नवी पेटी मागवली असती.

निवृत्त होऊन मी गावी परतलो. अर्ध्याहून जास्त आयुष्य तिकडे गेलं, पण हाडं इकडचीच, असं म्हणून आलो. घर बदललेलं, माणसं नवी. भाचेसून मोठी गुणी. आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात एकदा ती विचारत होती, मामंजी, काय करू चहाबरोबर. मी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हटलं, "राहू दे चहा. तेवढा गंज काढून ठेव, मी डाळ निवडून देतो."

थोड्या वेळाने मागच्या पडवीतून खसाखसा आवाज यायला लागला. जाऊन पाहिलं, तर ती नारळ खवण्याची लोखंडी विळी पुढ्यात घेऊन चिंचेने आणि राखेने घासत होती, अगदी मन लावून. नव्या माणसाने सांगितलेलं काम जसं करतात, तसं.

"काहून वं," मी म्हणालो, "विळी काहून घासून राहिली?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी कुठला, हे तिला कळेना.